तीन बोटं गाळ

१

माती विकत घ्यावी लागते, हे बबन धुरींना निवृत्त झाल्यावर कळलं. तोवर माती म्हणजे चपलेबरोबर घरात यायची आणि बायकोची बोलणी खाऊन बाहेर जायची, एवढीच त्यांची ओळख. भाईंदर पश्चिमेच्या त्या फिशटँकच्या दुकानात मात्र ती चकचकीत पिशवीत, काचेच्या कपाटात, मानाच्या पाहुण्यासारखी बसली होती.

"अंकल, इम्पोर्टेड सॉइल है. प्लांट के लिए बेस्ट. एकदम ब्लॅक."

"और दाम?"

दुकानदाराने दाम सांगितला. तान्हं मूल आईकडे परत द्यावं तशी बबनरावांनी पिशवी अलगद फळीवर ठेवली. "इतने में हमारे कोकण में नीचे की जमीन भी आती थी," ते म्हणाले. दुकानदार हसला नाही. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला कासव दाखवायला घेतलं.

पण माती काळीच हवी होती, आणि त्याला कारण होतं. शैलाला अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असे. नजरही त्या बाजूने मंदावली होती. सगळा जन्म टेलिफोन ऑपरेटर म्हणून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेली ही बाई आता हॉलमधल्या खुर्चीत भिंतीकडे बघत बसायची. म्हणून टँक आणला. त्यात पांढरी रेती, हिरवी रोपं, बारीक मासे. शैलाने दोन दिवस बघितलं आणि अडखळत्या जिभेने विचारलं, "अहो, तुम्ही मला मासे दाखवताय की पाणी?" पांढऱ्यावर तिला काही उमटतच नव्हतं.

मग स्वस्त काळ्याचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा रंगवलेली खडी आणली. तिने रात्रीत रंग सोडला आणि पाण्याची शाई झाली. गप्पी माशांनी थोडा वेळ हा अन्याय सोसला आणि मग पोट वर करून निषेध नोंदवला. नंतर काशीगावाकडून दगडाची बारीक कच रिक्षात घालून आणली. ती भिजली की काळी दिसे, पण रोपं तिच्यात उभी राहात आणि संध्याकाळपर्यंत तरंगू लागत.

"कचेत कुठे काय रुजतंय?" शैला म्हणाली. "तुमच्या हपिसात तरी काही रुजलं होतं का?"

तिची जीभ जड झाली होती. धार तशीच होती. बबनरावांना तेवढाच आधार होता.

२

"अरे, माती कसली इकत घेतोस?" फोनवर मॅन्युएल म्हणाला. बबनरावांचा हा जुना सहकारी, कार्यालयात शेजारच्या टेबलाचा, राहायला उत्तनजवळ तारोडीला. "आमची बाव उपसायची हाय रविवारी. तळाचा गाळ बघ येऊन. काजळ झक मारील. गोड्या पाण्याचा हाय, तुझे मासे खुशीत ऱ्हातील."

बाव म्हणजे त्याच्या घरामागची विहीर. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तळाला गेलं की घरची माणसं उतरून गाळ काढत आणि भाजीच्या वाफ्यांवर टाकत.

बबनराव पोचले तेव्हा उशीर झाला होता. गाळ वाफ्यांवर पसरून उन्हात भेगाळायलाही लागला होता. कुत्र्यांनी त्यात लोळून घेतलं होतं. काठावर मात्र एक घमेलं भरून ठेवलेलं होतं. त्यातला गाळ इतका काळा होता की डोक्यावरच्या माडाची सावली त्यावर पडलेली दिसत नव्हती.

"हे घे," मॅन्युएल म्हणाला.

"ते न्हाय." मागून मॅन्युएलची थोरली बहीण मार्सेलिन म्हणाली. ती पायरीवर चहाचे कप घेऊन उभी होती. "ते बावीचं हाय. शेवटचं घमेलं परत टाकायचं."

"दरवर्षी टाकतोच ना? एक वरस न्हाय टाकलं तर बाव काय पोलिसात जाईल?"

"का टाकायचं असतं?" बबनरावांनी कुतूहलाने विचारलं.

मार्सेलिनला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला असावा. तिने जरा विचार केला. "टाकतात," ती म्हणाली.

"माणूस बस बदलून आलाय," मॅन्युएल आवाज चढवून म्हणाला. "घरात बायको आजारी. त्याला रिकाम्या हाताने लावून देऊ? पप्पा असते तर मला बावीत लोटला असता."

मार्सेलिनने बबनरावांकडे पाहिलं. हा माणूस स्वतःच नको म्हणेल याची ती वाट बघत होती. बबनरावही शिष्टाचार जाणत होते. दोनदा नको नको म्हणावं आणि तिसऱ्यांदा पिशवी उघडावी, हा सभ्य माणसाचा रिवाज. त्यांनी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा पिशवी उघडली.

मार्सेलिन कप पायरीवर तसेच ठेवून आत गेली. निघेपर्यंत ती पुन्हा बाहेर आली नाही.

३

गाळ टँकमध्ये बसला, तो तीन बोटं जाडीचा. काचेतून थर सरळ दिसत होता, खाली काच, वर पाणी, मधे काळी पट्टी. बबनरावांनी ताटलीवरून हळूहळू पाणी सोडलं. गढूळ होईल, चार दिवस थांबावं लागेल, अशी त्यांची तयारी होती. पाणी गढूळ झालंच नाही. उलट ते इतकं नितळ होतं की टँक रिकामा वाटत होता.

"दिसले!" काही दिवसांनी नवे मासे सोडले तेव्हा शैला ओरडली. लाल-निळे निऑन मासे काळ्यावर ठिणग्यांसारखे चमकत होते. बबनरावांना पेन्शन मंजूर झाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

एकच गोष्ट जरा विचित्र होती. दुकानदाराने तळ साफ ठेवायला म्हणून मिशावाले मासे दिले होते. ते जन्मभर तळाशी तोंड खुपसून जगतात, असं तो म्हणाला होता. ते खाली जातच नव्हते. सगळे पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून होते. दाणा खाली पडला की तो पडताना बघत, पण मागे जात नसत.

"नवीन जागा आहे," बबनराव म्हणाले. "आपणही गिरगावातून इथे आलो तेव्हा महिनाभर गॅलरीतच उभे होतो."

रोपं लावायला त्यांनी लांब चिमटा घेतला. देठ धरला, गाळात खोचला. टोक काचेला टेकेल म्हणून ते थांबले. टेकलं नाही. आणखी दाबलं. चिमटा अर्धा आत गेला, मग मनगट भिजलं, मग कोपरही पाण्यात गेलं. टोकाला अजून काही लागलं नव्हतं. त्यांनी वाकून काचेतून पाहिलं. काळी पट्टी तीन बोटांची होती.

पाण्यात वस्तू वाकडी दिसते, हे शाळेत शिकलेलं त्यांना आठवलं. पेन्सिल मोडलेली दिसते ना, तसंच. त्यांनी चिमटा बाहेर काढला आणि तो बर्फातून काढल्यासारखा गार लागला. शाळेत गारव्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, पण मास्तर तरी किती सांगणार?

४

फिजिओथेरपिस्ट इशिता एक दिवसाआड यायची. मुलगी हुशार होती आणि घाईत असायची. टँक बघून तिला कल्पना सुचली.

"काकू, चेंडू दाबून कंटाळल्या ना? हे करू या. माती मऊ आहे. रोपाचा देठ बोटांत पकडायचा आणि आत खोचायचा. मस्त एक्सरसाइज होईल. काका, चालेल ना? मासे ओरडणार नाहीत ना?"

"मासे ओरडणार नाहीत," बबनराव म्हणाले. यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतं. चिमटा खोल गेला, हे कोणाला सांगायचं? आणि काय म्हणून?

सुरुवातीला ते स्वतः शैलाचा निर्जीव हात उचलून पाण्यात ठेवत. काही दिवसांनी ती डाव्या हाताने उजवा धरून स्वतःच ठेवू लागली. दुपारच्या जेवणानंतर खुर्ची टँकला लावायची, बाही वर करायची आणि बसून राहायचं. झाडझूड करणाऱ्या सरूबाईला ते आवडायचं नाही. ती तेवढा कोपरा सोडून केर काढायची. "काकू बसल्यात म्हणून," असं म्हणायची. काकू नसतानाही सोडायची.

"खाली गार आहे हो," शैला एकदा म्हणाली. "मला गार कळतंय. उजव्याला."

बबनराव हातातलं काम टाकून जवळ आले. कित्येक महिन्यांत त्या हाताला चटका कळला नव्हता, सुई कळली नव्हती.

"आणि धरतं कोणीतरी," ती पुढे म्हणाली. सहज, मागच्या जन्मी लाइनवर कोण आहे ते सांगायची तशी. "घट्ट नाही. लहान मुलाचा हात धरतात तसं."

"नसा जाग्या होतात तेव्हा असं वाटतं," बबनराव म्हणाले. ते खरंही असेल. त्यांनी नंतर इशिताला विचारलं. ती म्हणाली, "हो काका, पेशंटला काहीही सेन्सेशन येतात. गुड साइन आहे." आणि खरंच गुड साइन होती. त्याच आठवड्यात शैलाचा अंगठा हलला. मग तर्जनी. मग तिने उजव्या हाताने पेला धरून टेबलावर दोन बोटं सरकवला आणि स्वतःच टाळी वाजवायला गेली.

त्या संध्याकाळी बबनराव काचेवरचं शेवाळ खरवडायला टँकवर ओणवे झाले आणि त्यांना खोकला आला. नेहमीचा, कोरडा.

तो परत आला.

वन बीएचकेचा हॉल, त्यात सोफा, टीव्ही, कपाट. या हॉलमध्ये आवाज घुमायला जागाच नव्हती. खोकला मात्र खालून आला, उशिराने, ओल्या भिंतींना घासत आल्यासारखा. बबनरावांनी घसा खाकरला. पुन्हा तेच. आणि मग त्यांनी काही केलेलं नसताना, पुन्हा एकदा.

खालच्या मजल्यावरचे शाहभाई, त्यांनी स्वतःला सांगितलं. तेही खोकतात. शाहभाई त्या आठवड्यात राजकोटला गेले होते, हे त्यांना जिन्यात भेटलेल्या मिसेस शाहांनी सांगितलं. बबनरावांनी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

५

पावसाळा निम्मा सरला तेव्हा मॅन्युएलचा फोन आला. तो नेहमी शिवी देऊन सुरुवात करायचा. या वेळी त्याने शैलाची तब्येत विचारली.

"सुधारतेय रे. हात हलतो आता."

"देवाची कृपा." मग तो थांबला. "बबन, तो गाळ हाय का अजून?"

"का?"

"बावीला पाणी न्हाय आलं. शेजारच्या सगळ्या बावी काठोकाठ हायेत. आमची कोरडी. मी उतरलो काल. अरे, तळ वर आलाय. शिडीला सहा पायऱ्या लागल्या फक्त. आणि टणक, फरशीवानी. पप्पांच्या टायमाची बाव हाय, आम्ही जन्म काढला तिच्यावर." त्याचा आवाज बारीक झाला. "मार्सेलिन बोलत न्हाय माझ्याशी. जेवण वाढते, बोलत न्हाय. तेवढं घमेलं परत आण. बसचं भाडं मी देतो, साल्या."

बबनरावांनी टँककडे पाहिलं. शैला बसली होती. हात कोपरापर्यंत आत. चेहरा किती दिवसांनी भरलेला, तजेलदार. परवाच तिने स्वतःच्या हाताने वेणी घालायचा प्रयत्न केला होता. अर्धी जमली होती. आरशासमोर ती आधी रडली आणि मग म्हणाली, "आता तुम्ही घातलेल्या त्या शेपट्या बंद. लोक हसत होते."

"मॅन्युएल," बबनराव म्हणाले, "अरे, तो गाळ मी केव्हाच फेकला. मासे मेले त्यात."

मॅन्युएलने माशांबद्दल काही विचारलं नाही.

"कुठं फेकलास?"

"खाडीत."

"बरं," मॅन्युएल म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. नोकरीत असताना बबनरावांनी दुसऱ्यांच्या पुष्कळ खोट्या गोष्टी टायपून दिल्या होत्या. स्वतःची ही पहिली, आणि ती किती बिनचूक उतरली याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. अजून थोडे दिवस, त्यांनी ठरवलं. पूर्ण मूठ वळू लागली की स्वतः नेऊन देऊ. पाया पडू हवं तर.

शैलाने मान वळवली नाही. "कोण होतं?" तिने विचारलं. शब्द स्वच्छ होते. एकही अडखळला नाही.

"राँग नंबर."

"नाही," ती हसून म्हणाली. "बरोबर होता."

६

ते औषधं आणायला खाली गेले होते. ऐन दुपार होती. पाऊस उघडून खिडकीत ऊन आलं होतं. दार उघडलं तर फिल्टरचा आवाज बंद. सगळे मासे वर, पाण्याच्या कातडीला तोंड लावून.

शैला उभी होती. आधाराशिवाय, चवड्यांवर. टँकवर वाकलेली, उजवा हात खांद्यापर्यंत आत आणि गाल पाण्याला टेकलेला. बबनरावांच्या डोक्याने आधी हिशेब केला: टँकची उंची दीड फूट. मग ते घाबरले.

"शैला!"

"ओरडू नका," ती दात आवळून म्हणाली. "सुटेल. जड आहे."

ते धावत बाजूला गेले आणि काचेतून पाहिलं. तिचा हात पाण्यातून सरळ खाली आला होता आणि काळ्या पट्टीत शिरून संपला होता. खाली तीन बोटं गाळ, त्याखाली काच, त्याखाली स्टँडची फळी. फळीवर माशांच्या खाण्याचा डबा.

मग गाळात काहीतरी हललं आणि आतून काचेला टेकलं. तळहात. उघडा, फिकट, बोटं जराशी वळलेली, जोर नसलेला. काचेवर तो पसरला आणि घसरत खाली जाऊ लागला. नवऱ्याला बायकोचा हात ओळखायला खूण लागत नाही. गेले कितीतरी महिने रोज सकाळी हाच हात त्यांनी मांडीवर घेऊन तेल लावलं होतं.

त्यांनी शैलाची कंबर धरून मागे ओढलं. हलली नाही. पुन्हा ओढलं. भरलेली घागर वर घेताना जसं खालून वजन लोंबतं, तसं काहीतरी लोंबत होतं, आणि मग ते एकदम हलकं झालं. दोघं फरशीवर आपटली. पाणी सगळीकडे. शैलाच्या उजव्या हाताने त्यांच्या शर्टाची छाती इतकी घट्ट पकडली होती की दोन गुंड्या तुटून सोफ्याखाली गेल्या.

"बघा!" ती हसत होती, रडत होती. "अहो, बघा ना! धरलंय मी तुम्हाला. सुटत नाही!"

हात पूर्ण होता. पाच बोटं, मनगट, बांगडी. बबनरावांनी वळून काचेकडे पाहिलं. काळी पट्टी होती. दुसरं काही नव्हतं.

७

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळा गाळ पिशवीत भरला. भरताना चमचा खाली काचेवर खरवडत होता. एक घमेलंभरच होता तो. रिक्षावाला "क्या है अंकल, इतना टपक रहा है" म्हणाला, तेव्हा त्यांनी "खत" असं सांगितलं.

तारोडीला मॅन्युएल दारात होता. "फेकला नव्हता," बबनराव म्हणाले. मॅन्युएल दारातून बाजूला झाला. मार्सेलिनने पिशवी घेतली. तिच्या हातात ती जरा खाली गेली. ती थबकली, पिशवी तोलून पाहिली.

"एवढं नव्हतं," ती म्हणाली.

मग तिने पिशवी काठावर उलटी केली. सहा पायऱ्यांवर तळ होता म्हणे. आवाज यायला पुष्कळ वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मॅन्युएलचा फोन आला, नेहमीच्या शिवीसकट. बावीला पाणी आलं होतं. इशिताने शैलाची मूठ तपासली आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून आपल्या मॅडमला पाठवला. टँक दुकानदाराने पडत्या भावात परत घेतला. शैलाने त्याच्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. ती पोळ्या लाटू लागली, नारळ खवू लागली. नळाला पाणी असतानाही सकाळी उठून सगळी भांडी भरून ठेवू लागली. शेजारणी बघायला येत आणि म्हणत, "धुरीकाकांनी केलं हो बायकोचं."

सगळं चांगलं झालं होतं. बबनराव ते स्वतःला वारंवार सांगत.

एका दुपारी शैलाला पलंगावर झोप लागली होती. उजवा हात कडेवरून खाली लोंबत होता. सवयीने बबनराव खुर्ची ओढून जवळ बसले आणि तो हातात घेतला. इतके दिवस त्यांनी तो धरलाच नव्हता, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

तळवा कडक होता. बोटांच्या मुळाशी आडवे घट्टे पडलेले, जुने, गुळगुळीत झिजलेले. लाटणं, त्यांनी मनाशी म्हटलं. खवणी. इशिताचा तो रबरी चेंडू. पण लाटण्याने घट्टे असे पडत नाहीत आणि महिन्याभरात इतके जुनेही होत नाहीत. असे घट्टे पिढ्यान्‌पिढ्या दोर ओढणाऱ्यांच्या हातांना असतात, आणि शैलाने जन्मात कधी विहिरीवर पाणी भरलं नव्हतं.

काचेला टेकलेला तो फिकट, शैलाचा खरा हात त्यांनी स्वतः भरून नेला होता. पिशवीत. रिक्षातून.

हाताने त्यांचं मनगट धरलं. ओढलं. मग पकड सैल झाली, थोडी वर सरकली, पुन्हा घट्ट झाली आणि पुन्हा ओढलं. घाई नव्हती. रोजचं काम असावं तशी लय होती. बबनराव खुर्चीवरून पुढे झुकले. पकड कोपराशी आली. मग दंडाशी.

"शैला," त्यांनी हाक मारली.

"हं," ती गाढ झोपेत म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड वळवून कूस बदलली.

हात थांबला नाही.